बाई टिकत नाही हो!

आमच्या धंद्यात 'रिटेन्शन' हा शब्द आठवड्यातून चारदा तरी कानावर पडतो. अप्रेझलच्या मोसमात तर रोज. कोण पेपर टाकणार, कुणाच्या खिशात ऑफर आहे, कुणाला काउंटर ऑफर द्यायची, नोटीस पिरियड साठ दिवसांचा ठेवायचा की नव्वद.. बंद खोल्यांमधून तासन्‌तास खल चालतो. एचआरवाले जाणाऱ्याची मुलाखत घेतात, त्याचे रंगीत आलेख काढतात आणि मग लोक टिकावेत म्हणून टेबल टेनिसचं टेबल आणतात. (आमच्याकडे खरंच आणलं होतं. हल्ली त्यावर डबे ठेवतात.) गंमत सोडा, पण एखादा बरा माणूस गेला की प्रोजेक्ट दोन महिने मागे जातं हे सगळ्यांना मान्य असतं. म्हणून तर एवढा खटाटोप.

माझ्या घरी याहून नाजूक प्रोजेक्ट चालू आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही. समजतं सगळं, पण बाहेर पडतात ते चार-पाचच शब्द. एक 'अरे', एक 'नको', आणि बाकीच्या शिव्या, ज्या त्यांनी उभ्या आयुष्यात घरात कधी उच्चारल्या नव्हत्या. मेंदूचा डावा भाग गेला की असं होऊ शकतं म्हणे. ठरवून बोलायचे शब्द जातात, आपोआप निघणारे राहतात. आई बहात्तर वर्षांची, आम्ही दोघं नोकरीत, धाकटा भाऊ न्यू जर्सीत. त्यामुळे दिवसाला एक आणि रात्रीला एक अशा दोन मावशी लागतात.

धंद्याची सवय, म्हणून मी एक एक्सेल शीट ठेवली. नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, कारण. पहिल्या दहा महिन्यांत दिवसपाळीला अकरा जणी झाल्या. सर्वांत कमी मुक्काम साडेतीन तास. ('दादा, मला म्हातारं माणूस सांगितलं होतं, हे तर पैलवान आहेत' असं म्हणून त्या गेल्या. बाबांचं वजन तेव्हा ७८ किलो होतं, त्यामुळे तक्रार रास्त होती.) बाराव्या मावशी मात्र दोन वर्षांहून जास्त झाले, आहेत. अकरा का गेल्या आणि बाराव्या का राहिल्या, एवढाच आजचा विषय.

आमच्या सोसायटीत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतं. 'बाई टिकत नाही हो!' आपण दूध टिकत नाही म्हणतो, श्रीखंड टिकत नाही म्हणतो, त्यातलाच प्रकार. म्हणजे दोष त्या वस्तूतच आहे. ऑफिसात 'इंजिनिअर टिकत नाही हो' असं म्हणून कोणी उसासा टाकून गप्प बसला तर दुसऱ्या दिवशी त्याचीच खुर्ची जाईल. तिथे पुढचा प्रश्न येतोच, का टिकत नाही?

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण ज्यांच्या घरात ते अजून आलेलं नाही त्यांना वाटतं की पेशंटजवळ बसायचं आणि टीव्ही बघायचा. मावशी सकाळी आठला येतात, रात्रीच्या मावशींकडून 'चार्ज' घेतात. (शब्द त्यांचाच, हॉस्पिटलातून आलेला.) डायपर, अंग पुसणं, पाठ, माकडहाड आणि टाचा नीट बघणं, कुठे लाल झालंय का. हवेची गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, नाहीतर जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. गिळायला त्रास होतो म्हणून ताठ बसवून चमच्या-चमच्याने भरवायचं. पाणीसुद्धा दाट करून. घाई केली तर घास चुकून श्वासनलिकेत जातो आणि मग न्युमोनिया. वाटीभर खिचडीला पन्नास मिनिटं लागतात. त्या पन्नास मिनिटांत बाबा दोनदा शिवी घालतात. मग औषधं, बीपी, व्यायाम, लघवी किती झाली याची नोंद.. आणि सगळं होऊन गेल्यावर 'आजोबा, आज पेपर वाचू का?' हे विचारणं, जे कोणत्याच यादीत नसतं.

एवढं सगळं करणाऱ्या बाईला आपल्याकडे धड नावही नाही. नर्स म्हणता येत नाही, कारण नर्सिंगचं रीतसर शिक्षण असतं, कौन्सिलची नोंदणी असते. मोलकरीणही नव्हे. ब्यूरोवाले 'अटेंडंट' म्हणतात, हॉस्पिटलात 'आयाबाई', घरोघरी 'मावशी'. मीही मावशीच म्हणतो, दुसरा बरा शब्द मला सापडलेला नाही.

आता भरती कशी होते? लिफ्टशेजारी चिकटवलेल्या कागदावरून, किंवा हॉस्पिटलातून डिस्चार्ज घेताना कोणीतरी हातात दिलेल्या कार्डावरून. ब्यूरो म्हणजे पुष्कळदा एक मोबाईल, एक वही आणि दोनशे फोन नंबर. तुम्ही रजिस्ट्रेशनचे पैसे भरता, रोजचा दर ठरतो, संध्याकाळपर्यंत बाई दारात. आम्ही एका ब्यूरोला दिवसाचे ९०० द्यायचो, त्यातले ६२० मावशींच्या हातात पडायचे. हे मला एका मावशींनीच सांगितलं. ब्यूरोच्या कागदावर अट होती की त्यांची बाई परस्पर कामाला ठेवायची नाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही ठीक, नाहीतर ते कमावणार काय?

पण जरा इन्सेन्टिव बघा. बाई एका घरी सहा महिने राहिली की घरचे आणि ती एकमेकांना ओळखायला लागतात आणि ब्यूरोची गरज संपते. त्यामुळे चांगली बाई एकाच घरी फार काळ राहणं हे ब्यूरोच्या हिताचं नाही! आमच्या तिसऱ्या मावशी फार चांगल्या होत्या. सातव्या आठवड्यात ब्यूरोने त्यांना बावधनला हलवलं. तिथे दिवसाचे शंभर रुपये जास्त मिळत होते, ब्यूरोला, मावशींना नव्हे. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना डायपर बदलायचा कसा हे आईने शिकवलं. यात ब्यूरोवाला दुष्ट आहे असं मला वाटत नाही. ज्या आकड्यावर त्याचा धंदा चालतो तो आकडा 'किती जणी पाठवल्या' हा आहे, 'किती दिवस राहिल्या' हा नाही. आमच्याकडे एक कंत्राटी कंपनी अशीच माणसं पुरवायची, तिची आठवण झाली. असो.

बाकीच्यांची कारणं शीटमध्ये अशी आहेत. दोघींना दोन बस बदलून यावं लागायचं, पावसाळ्यात जमेना. एकीची पाठ गेली. एकीला शेजारच्याच इमारतीत जास्त पैसे मिळाले. एकीला शिव्या सहन झाल्या नाहीत. एकीला मी थांबवलं, कारण दुपारी बाबा पलंगावरून निम्मे घसरले तेव्हा त्या गाढ झोपेत होत्या. एकीच्या घरी सासू आजारी पडली. दोघींचा फोन लागायचा बंद झाला, कारण रिकामं. आता ही यादी वाचून 'बाई टिकत नाही' असंच वाटेल. पण बहुतेक कारणं अशी आहेत की ऑफिसात असती तर आपण ती सोडवली असती. बस ठेवली असती, वेळ बदलली असती, रजा दिली असती.

बाराव्या मावशी ब्यूरोतून आल्या नाहीत. बाबांच्या फिजिओने त्यांचं नाव सुचवलं. फिजिओ दिवसाला आठ-दहा घरं बघतो, कुठल्या पेशंटची पाठ स्वच्छ आहे आणि कुठल्याची नाही हे त्याला दिसतं. ज्यांना माणूस शोधायचंय त्यांना माझा पहिला सल्ला हाच, कार्ड बघू नका, फिजिओला विचारा.

मावशी मूळच्या औसा तालुक्यातल्या, राहायला उत्तमनगरला. आल्या, बाबांना बघितलं, 'आजोबा, नमस्कार' म्हणाल्या. शिवी मिळाली, त्यावर हसल्या. मग बाहेर येऊन बसल्या आणि त्यांनी मुलाखत घेतली. माझी. मी पगाराचं बोलायला लागलो तर म्हणाल्या, 'पैशाचं शेवटी बोलू दादा. आधी मला बाकीचं सांगा. आठ घरं झाली माझी.'

पहिला प्रश्न, संडास कुठला वापरायचा? मला वाटलं चुकून विचारतायत. नाही. आधीच्या एका सोसायटीत त्यांना खाली वॉचमनचा वापरायला सांगितलं होतं. सात मजले उतरायचं, तेवढा वेळ पेशंटला एकटं टाकायचं. म्हणून त्या बारा तास पाणीच प्यायच्या नाहीत. शेवटी लघवीला जळजळ, ताप, दवाखाना. आणि त्याच घरात त्या वहीत लिहीत होत्या, आजींनी आज पाणी किती घेतलं आणि लघवी किती झाली!

दुसरा प्रश्न, मला सांगणार कोण? म्हणजे साहेब एक की चार? एका घरी मुलगी कॅनडातून कॅमेऱ्यावर बघायची आणि फोन करायची, 'मावशी, पांघरूण नीट करा', 'मावशी, तुम्ही मोबाईल बघताय'. सून येऊन वेगळं सांगायची, आजोबा तिसरंच. यावर आमच्याकडे एकदम तोडगा निघाला, कारण हे दुखणं मला ऑफिसात चांगलं ठाऊक आहे. एकाच माणसाचे दोन मॅनेजर केले की तो पहिल्या संधीला पळतो. ठरलं की बाबांच्या बाबतीत मावशींना सांगणार फक्त मी. आईला काही वाटलं तर आई मला सांगेल, भाऊ मला फोन करेल. भावाला हे आवडलं नाही. 'कॅमेरा तरी लाव रे, चाळीस डॉलरला मिळतो' असं त्याचं दोन महिने चालू होतं. मी लावलेला नाही. ज्या खोलीत माझ्या वडिलांचे दिवसातून चारदा कपडे काढले जातात त्या खोलीत मला कॅमेरा नको, मावशींचं तर सोडाच. विश्वास नसेल तर अचानक घरी यावं, हा जुना उपाय स्वस्त आहे.

तिसरा प्रश्न त्यांनी आवाज खाली करून विचारला. 'माणूस कसाय? हात लावत नाहीत ना?' हे लिहू की नको असा विचार करत होतो, पण लिहितो, कारण या विषयावर कोणी बोलत नाही. आधीच्या एका घरी पेशंट तसा हात लावायचा. त्यांनी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, 'अहो, आजाराचा भाग आहे, मनावर घेऊ नका.' आता मेंदूच्या काही आजारांत माणसाचा स्वतःवरचा ताबा जातो हे खरं आहे. पण आजाराचा भाग असला म्हणजे बाईने तो सोसायचा असं कुठे आहे? डॉक्टरला सांगा, अंघोळीला पुरुष अटेंडंट ठेवा, दुसरं कोणी खोलीत थांबा. ते न करता 'मनावर घेऊ नका' म्हटलं की बाई चार दिवसांत जाते, आणि जाताना कारण सांगते 'गावाला जायचंय'. मग घरचे म्हणतात.. तेच ते वाक्य.

आमच्याकडे तसा प्रकार नाही, पण अंघोळ आणि खुर्चीत बसवणं ही दोन्ही कामं सकाळी साडेआठला, मी घरी असतानाच होतात. त्यात चौथ्या प्रश्नाचं, म्हणजे 'उचलायला दुसरं कोण?' याचंही उत्तर आलं. फिजिओने आम्हा सगळ्यांना बसवून तासभर शिकवलं. उचलायचं नाहीच. कमरेला पट्टा बांधायचा, पेशंटचे पाय जमिनीला टेकवायचे, आपले गुडघे वाकवायचे आणि फिरवायचं. पलंगावर वर सरकवायचं तर खाली दुहेरी चादर घालून दोघांनी ओढायचं. एकटीने करायचं ते फक्त कूस बदलणं. ज्या मावशींची पाठ गेली त्यांना हे पुण्यातल्या कुठल्याच घरी कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्या सहा वर्षं हे काम करत होत्या.

पाचवा प्रश्न रविवारचा. सुट्टी मिळेल का, आणि 'त्या दिवशी दुसरी बाई मी शोधून द्यायची का?' बहुतेक घरी असंच असतं म्हणे, रजा हवी तर तुमची बदली तुम्ही आणा. म्हणजे प्रॉडक्शन सपोर्टला एकच माणूस, त्याला रजा हवी तर त्याने रस्त्यावरून दुसरा इंजिनिअर पकडून आणायचा. आम्ही रविवारसाठी एक ठराविक ताई ठेवल्या, दर रविवारी त्याच. त्यामुळे बाबा त्यांना ओळखतात, कुठल्या बाजूला टेकवलं की त्यांचा खांदा दुखतो हे ताईंना माहीत आहे. मधे मावशींना ताप आला तर त्याच येतात. शिवाय एक वही आहे, तिच्यात सगळ्या जणी लिहितात. अक्षर कुणाचंही असो, वाचता येतं. आमच्या ऑफिसातल्या नॉलेज ट्रान्सफरच्या कागदपत्रांपेक्षा ही वही फार वरच्या दर्जाची आहे!

आणि मग पैसे. ब्यूरोला जे द्यायचो तेवढेच, पण सगळे त्यांच्या खात्यावर. रविवारचे कापायचे नाहीत. दिवाळीला एक पगार, वर्षाला वाढ. पैसा शेवटी विचारला म्हणून तो कमी महत्त्वाचा होता असं मुळीच नाही. वाढीबद्दल मावशी माझ्यापेक्षा चांगली घासाघीस करतात, मी अप्रेझलला त्यांना बरोबर नेणार आहे.

खरी कसोटी २०२४ च्या जानेवारीत आली. मावशी म्हणाल्या, मला पाच आठवडे सुट्टी पाहिजे. गावी त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आणि त्यांचं करायला कोण होतं, तर मावशींची मुलगी. बारावीची, फेब्रुवारीत परीक्षा. म्हणजे आई पुण्यात माझ्या वडिलांची कूस बदलते, त्या पगारावर घर चालतं, आणि त्यासाठी मुलगी गावी आजीची कूस बदलते आणि अभ्यास उरल्या वेळात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शिल्ड यांनी २००० साली अशा साखळीवर लिहिलं होतं. श्रीमंत देशातल्या घरी फिलिपिनो बाई, तिच्या मुलांकडे तिच्याहून गरीब बाई, आणि त्या बाईच्या मुलांकडे तिचीच थोरली पोर. आमची साखळी कोथरूड ते औसा, एवढाच फरक.

सोसायटीतल्या जाणकारांनी निदान केलं, 'गेली ती. पाच आठवडे गेलेली बाई परत येत नसते.' २०१७ पासून आपल्या ऑफिसांतल्या बायकांना पहिल्या दोन मुलांपर्यंत सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने मिळते, तेव्हा त्या परत येणार नाहीत असं कोणी धरून चालत नाही. आम्ही निम्म्या पगारावर सुट्टी दिली, रविवारच्या ताईंनी पाच आठवडे काढले. (त्यांचा रविवार बायकोने आणि मी काढला. खुब्यात अजून कळ येते.) मावशी ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी हजर. पोरगी पास झाली, आता लातूरला नर्सिंग करते आहे. सासूबाई त्याच वर्षी पावसाळ्यात गेल्या.

हा प्रश्न फक्त पुण्याचा असता तर गोष्ट वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो की २०५० पर्यंत भारतात दर पाचांत एक माणूस साठीच्या पुढचा असेल, साधारण ३४ कोटी ७० लाख. ज्यांची लोकसंख्या आधीच म्हातारी झाली त्यांचं काय झालं ते बघितलं की आपल्याला थोडा अंदाज येतो.

इंग्लंडमध्ये घरी येणाऱ्या केअररच्या फेऱ्या मिनिटांवर विकत घेतल्या जातात. पंधरा मिनिटांत म्हाताऱ्याला उठवा, कपडे घाला, चहा द्या, पळा. तिथल्याच नाइस या संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं की एरवी फेरी अर्ध्या तासापेक्षा कमी नसावी, तरी छोट्या फेऱ्या राहिल्याच. एका घरातून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचे पैसे पुष्कळांना मिळत नाहीत. अर्थातच स्थानिक लोक टिकेनात. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी केअररना व्हिसा खुला केला. भारतातून, नायजेरियातून, झिम्बाब्वेतून माणसं गेली, कित्येक जण एजंटला लाखो रुपये देऊन. पण व्हिसा त्या एका मालकाला बांधलेला. मालक बुडाला किंवा त्याने काढलं तर ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर परत जा. एचवनबीवर राहिलेल्या मंडळींना हे साठ दिवस वेगळे समजावून सांगायला नकोत. मार्च २०२४ पासून नवीन येणाऱ्यांना कुटुंब आणायला बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच बंद केली. कामाचे तास आणि पगार सुधारायच्या ऐवजी माणसं आयात केली, आणि नंतर माणसंच नकोत म्हणाले.

जपानने २००० साली म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी वेगळा विमा सुरू केला, चाळिशीपासून पुढे सगळ्यांना हप्ता. हे मला पटतं. आपल्यासारखा सगळा भार त्या त्या घराच्या खिशावर येत नाही. पण सेवेचे दर सरकार ठरवतं, ते चढले नाहीत तर केअररचा पगारही चढत नाही, आणि तिथेही माणसं पुरत नाहीत. मग यंत्रमानव! आमच्या लोकांना फार आवडणारा भाग. उचलणारा यंत्रमानव, मांडीवर घ्यायचं सीलचं पिल्लू, व्यायाम शिकवणारा पेपर नावाचा. जेम्स राइट नावाचा संशोधक तिथल्या एका वृद्धाश्रमात राहून हे बघून आला. २०२३ च्या त्याच्या पुस्तकात तो सांगतो की यंत्रांनी काम कमी झालंच नाही, त्यांना हलवणं, पुसणं, सांभाळणं हे वाढीव काम झालं, आणि उचलणारं यंत्र लवकरच अडगळीत गेलं. माझ्या एका सहकाऱ्याला ॲप काढायचंय. 'मावशी-ऑन-डिमांड', दहा मिनिटांत. मी त्याला म्हटलं, आमची अडचण दहा मिनिटांत येण्याची नाही रे, दहा महिने राहण्याची आहे.

एक उदाहरण मात्र मनापासून आवडलं. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये योस द ब्लोक नावाच्या एका नर्सने बुर्टझोर्ख ही संस्था काढली. जास्तीत जास्त बारा जणांची एक टीम, तिच्यावर मॅनेजर नाही. आपल्या वस्तीतले पेशंट कोण घ्यायचे, रजा कोण कधी घेणार, नवीन माणूस कोणतं, सगळं त्या बारा जणांनी ठरवायचं. एकाच पेशंटकडे शक्यतो तीच ती माणसं जातात. चार जणांवरून संस्था दहा हजारांच्या वर गेली. आम्ही ज्याला 'सेल्फ-ऑर्गनायझिंग टीम' म्हणून भिंतीवर पोस्टर लावतो ते यांनी खरोखर केलं. अर्थात त्या शिकलेल्या नर्स आहेत आणि पैसे विमा देतो. आपल्याकडे तसंच्या तसं होणार नाही, पण उत्तमनगरमधल्या आठ-दहा मावशींनी मिळून एकमेकींच्या रजा सांभाळायच्या ठरवल्या तर मला तो ब्यूरो आज हवा आहे. पुण्यातल्या बायकांना एकत्र येणं नवीन नाही. १९८० मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांनी इथे संप करून संघटना उभी केली होती.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. घरकामगारांच्या हक्कांचा जागतिक करार २०११ मध्ये झाला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला या विषयावर समिती नेमून कायद्याचा विचार करायला सांगितलं. मावशी या सगळ्यात नक्की कुठे बसतात, घरकामगार की आरोग्य कर्मचारी, हा घोळ आहेच. आणि इकडे महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केलाय, त्यात आरोग्यसेवेतली माणसंही आहेत. मावशींची मुलगी जर्मन शिकायचं म्हणते. जावं तिने, जरूर जावं. फक्त तोपर्यंत आपल्या पिढीची साठी आलेली असेल, एवढं मनात येऊन जातं.

मागच्या महिन्यात मावशींनी एक गोष्ट मागितली. अनुभवाचा दाखला. 'तुमच्या हापिसात देतात ना, तसा.' बारा वर्षं काम, नऊ घरं, आणि हातात एक कागद नाही. मी संध्याकाळी लिहायला बसलो. 'यांनी माझ्या वडिलांची आपल्या माणसासारखी सेवा केली' असं लिहून वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, 'ते काढा दादा. आपल्या माणसासारखी म्हटलं की पुढचे लोक पैसे कमी देतात. काय काय येतं ते लिहा.' मग लिहिलं. पक्षाघाताच्या पेशंटची संपूर्ण देखभाल, गिळण्याचा त्रास असताना भरवणं, बीपी आणि साखर मोजणं, पट्टा लावून खुर्चीत बसवणं, रोजच्या नोंदी. दोन वर्षांत एकही बेडसोअर नाही. खाली सही, फोन नंबर, तारीख. त्यांनी दोन प्रती लॅमिनेट करून घेतल्या.

दाखला घेतला म्हणजे जाणार, असं भावाला फोनवर वाटलं. जातीलही कदाचित. वारज्याच्या एका घरी त्यांना जास्त पैसे देऊ केलेत हे त्यांनीच मला सांगितलं. सोमवारी आमचं बोलणं आहे, आकडा मी तयार ठेवलाय.

सध्याची अडचण रात्रीची आहे. रात्रीच्या मावशी महिनाअखेरीला मुलाकडे नाशिकला चालल्यात, महिनाभर आधी सांगून. नवीन माणूस शोधतो आहे. रात्री आठ ते सकाळी आठ, कूस दर दोन तासांनी, मधल्या वेळात झोपायला वेगळी कॉट आणि पंखा. आठवड्याला एक रात्र पगारी सुट्टी, बदलीची सोय आमची. पहिला आठवडा आत्ताच्या मावशींबरोबर काढायचा, त्याचे पूर्ण पैसे. संडास घरातलाच. उत्तमनगर, वारजे, शिवणे या बाजूचं कोणी माहितीत असेल तर जरूर सांगा. बाबा शिव्या देतात, हे आधीच सांगून ठेवा.